ओळख औषधाची

औषध आणि विष यांच्यातील अंतर पुष्कळदा केवळ योजनेचे असते, ही जाणीव आपल्याकडील वैद्यकशास्त्राला फार प्राचीन काळापासून आहे. युक्तीने योजलेले विषही औषध ठरते आणि अयुक्तपणे योजलेले औषधही विष ठरते, असा विचार चरकसंहितेत मांडलेला आहे. आजच्या घरांत या विचाराला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागते. डॉक्टरांचे निदान अचूक असते, त्यांनी लिहून दिलेले औषध योग्य असते, मात्राही बरोबर असते. आणि तरीही अपाय होतो. कारण हात भलत्याच बाटलीकडे गेलेला असतो.

औषध नीट ओळखून घेणे ही घेणाऱ्याचीच जबाबदारी आहे, असे समाजात सर्रास मानले जाते. चूक झाली की ‘वाचून का घेतले नाही?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जातो. परंतु बाटलीवरील अक्षरे त्याला दिसत नसतील, दिसली तरी ती त्याला येत नसलेल्या भाषेत असतील, तर त्याने वाचावे तरी काय? औषधाची ओळख पटवून देणे हे मुळात बाटलीचे काम आहे. बाटली ते करत नसेल, तर निर्मात्याने, विक्रेत्याने आणि घरातील जाणत्या माणसांनी ते तिच्याकडून करवून घेतले पाहिजे.

परक्या लिपीतील बाटल्या

झिरकपूर हे पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातील शहर. चंडीगडला लागून, अंबाला आणि पतियाळा या शहरांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या आधाराने ते झपाट्याने वाढले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ९५ हजार होती. चंडीगड, पंचकुला आणि मोहाली येथे नोकरी करणारी, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथील उंच इमारतींत राहतात. अशा शहरात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात. गावाकडून आलेले आजी-आजोबा दिवसभर सदनिकेत एकटे असतात. आजोबांना मधुमेह आणि रक्तदाब, आजींना थायरॉइडचा त्रास आणि डोळ्यांत काचबिंदू, नातवाला अधूनमधून ताप. फ्रीजच्या दारात, देवघराशेजारच्या फळीवर आणि उशाखाली मिळून घरात सहज पंधरा-वीस औषधे निघतात.

आजींना मराठी उत्तम वाचता येते. गावी असताना त्या वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचत असत. येथे मात्र रस्त्यावरच्या पाट्या गुरुमुखी लिपीत, दुकानदाराचे बोलणे पंजाबी वळणाच्या हिंदीत आणि बाटलीवरचा मजकूर बारीक इंग्रजी अक्षरांत. म्हणून मुलगा रात्री समजावून सांगतो, ‘‘आई, पांढरी गोळी सकाळी, गुलाबी रात्री.’’ त्या महिन्यापुरती ही सोय उत्तम चालते. पुढच्या महिन्यात दुकानदार त्याच औषधाचा दुसऱ्या कंपनीचा प्रकार देतो आणि रात्रीची गोळीही पांढरीच निघते. आजींच्या स्मरणशक्तीत कोणताही दोष नसताना त्यांची सारी व्यवस्था कोलमडते.

या ठिकाणी एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. देशातील औषधनिर्मितीचे एक फार मोठे केंद्र असलेले हिमाचल प्रदेशातील बद्दी झिरकपूरपासून गाडीने जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे. म्हणजे औषध तयार होते घराच्या इतक्या जवळ. आणि तरीही त्याची बाटली घरातल्या माणसाला परकीच राहते. महाराष्ट्रातील खेड्यांत याहून वेगळे चित्र नाही. तेथे पाट्या मराठीत असतात एवढाच काय तो फरक. बाटली तेथेही इंग्रजीच बोलते.

घोटाळा कोठे होतो?

घरातील घोटाळे बहुधा ठरावीक जागी होतात. लहान मुलांचे तापावरचे औषध हे त्यांपैकी पहिले. पॅरासिटामॉल हे एकच औषध थेंबांच्या आणि पातळ औषधाच्या अशा दोन्ही रूपांत मिळते. थेंबांच्या बाटलीत साधारणतः दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर चमच्याने द्यायच्या औषधात ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. दोन्ही बाटल्या लहान, दोन्हींतील द्रव रंगीत आणि गोड, दोन्हींवर नावही एकच. १२५ मिलिग्रॅमचा चमचा द्यायचा असताना कोणी चुकून थेंबांच्या बाटलीतून चमचा भरला, तर त्या बालकाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या चौपट औषध जाते.

इन्सुलिनच्या बाबतीतही असाच धोका आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरला ४० एकके आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांत मिळतात. त्यांच्यासाठी सिरिंजही वेगवेगळ्या असतात. ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० एककांच्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० एकके जातात. रक्तातील साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडण्यास एवढी चूक पुरेशी असते. लाल आणि नारिंगी हे दोन रंग तर असे, की संध्याकाळच्या मंद उजेडात वृद्ध डोळ्यांना ते सारखेच भासावेत.

तिसरे कारण कात्रीचे आहे. दहा गोळ्यांच्या पट्टीतून चारच गोळ्या हव्या असतील, तर दुकानदार पट्टी कापून देतो. गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार करता ही सोय मोलाची आहे. परंतु कापलेल्या तुकड्यावर औषधाचे अर्धेच नाव उरते, आणि वापराची अंतिम तारीख तर बहुधा दुकानातच राहते. असे अनामिक तुकडे घरोघरी डब्यांत साठलेले असतात. पुढे केव्हातरी ‘ही डोकेदुखीचीच असावी’ अशा अंदाजाने त्यांचा वापर होतो.

चौथे कारण नावांचे. एकाच औषधाला निरनिराळ्या कंपन्या निरनिराळी नावे देतात. जुन्या पट्टीतील गोळ्या संपलेल्या नसतात, तोच नव्या नावाची पट्टी येते आणि वृद्ध रुग्ण ती दोन औषधे समजून दोन्ही घेतो. याच्या उलट, नावांत एखाद्याच अक्षराचा फरक असलेली दोन औषधे अगदी भिन्न रोगांवरची असू शकतात. याखेरीज डोळ्यांत घालायचे थेंब आणि कानांत घालायचे थेंब, खोकल्याचे औषध आणि जखम धुण्याचे औषध यांच्या बाटल्यांतील साम्य कोणत्याही घरात पाहता येते. रिकाम्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत फिनेल अथवा रॉकेल भरून ठेवण्याची सवय तर याहूनही घातक होय.

जाणत्यांच्याही चुका

अशा चुका अशिक्षितांच्या हातूनच होतात, हा समज मात्र खरा नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओ लसीकरणाच्या वेळी पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले; ती बचावली हे सुदैव. कोरोनाच्या महासाथीचे ते दिवस होते आणि हातांसाठीचे जंतुनाशक जेथे तेथे जवळ बाळगले जात होते. संबंधितांवर कारवाई झाली आणि ती योग्यच होती. तथापि, ज्यांचे कामच औषध देण्याचे आहे त्यांच्या हातून भरदिवसा अशी चूक होत असेल, तर रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या मुलाजवळ बसलेल्या आईकडून ती होणे किती सहज शक्य आहे, हा धडा त्या कारवाईपेक्षा मोठा आहे.

अमेरिकेतील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. डेबोरा अ‍ॅडलर या न्यूयॉर्कमध्ये आरेखनाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीच्या आजीने चुकून आजोबांचे औषध घेतले. दोघांचे आडनाव एक, नावाचे आद्याक्षर एक आणि बाटल्याही एकसारख्या. त्या तरुणीने आजीला दोष दिला नाही. तिने बाटलीचा दोष शोधला. तिने आखलेल्या नव्या बाटलीवर औषधाचे नाव ठळक होते, लेबलासाठी सपाट पृष्ठभाग होता आणि कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळ्या रंगाचे कडे होते. २००५ मध्ये ‘टार्गेट’ या दुकानसमूहाने आपल्या औषधविभागांत ती बाटली वापरात आणली. दहा वर्षांनी ते औषधविभाग दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि ती बाटलीही मागे पडली. एखादी सुधारणा व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडली, तर ती टिकेलच असे नाही, हेही या उदाहरणावरून कळते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात औषधांच्या लेबलांविषयी नियम नाहीत असे नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार औषधाचे नाव, घटक, निर्मितीची व वापराच्या अंतिम मुदतीची तारीख छापणे बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांवर तशी सूचना असते. बाहेरून लावायच्या औषधांवर ‘केवळ बाह्य उपयोगासाठी’ अशा अर्थाची सूचना असते. व्यापारी नावापेक्षा औषधाचे मूळ नाव मोठ्या टंकात छापण्याचा नियम २०१८ मध्ये बहुतांश औषधांना लागू झाला. ऑगस्ट २०२३ पासून अधिक खपाच्या ३०० औषधांवर ‘क्यूआर कोड’ छापणे आवश्यक ठरले.

न्यायालयांनीही या प्रश्नाची दखल घेतली आहे. हिवतापाच्या गंभीर प्रकारावरील ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन औषधांच्या नावांतील साम्याचा वाद २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला होता. इतर वस्तूंच्या तुलनेत औषधांच्या बाबतीत नामसादृश्याची कसोटी अधिक कडक असली पाहिजे, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले. या देशात सर्वांची अशी एक भाषा नाही आणि इंग्रजी जाणणारे थोडेच आहेत, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले. डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. पुढे २०२५ मध्ये चंडीगड येथील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने याहून महत्त्वाचे पाऊल उचलले. वाचता येईल अशी वैद्यकीय चिठ्ठी मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे, असा निर्वाळा त्याने दिला.

या निर्णयाचा आशय तर्काने पुढे नेला, तर एक प्रश्न आपोआप उभा राहतो. चिठ्ठी वाचता येणे हा जर जगण्याच्या हक्काचा भाग असेल, तर बाटली वाचता येणे हा त्याचा भाग का नसावा? चिठ्ठी रुग्ण एकदाच दुकानदाराच्या हाती देतो. बाटली मात्र तो दिवसातून तीन वेळा स्वतःच्या हातात घेतो. आजची लेबले प्रामुख्याने निरीक्षक, विक्रेता आणि डॉक्टर यांच्यासाठी लिहिलेली आहेत. ज्याच्या पोटात औषध जायचे आहे, त्याच्यासाठी त्यांवर फारच थोडे लिहिलेले असते.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की एवढ्याशा बाटलीवर देशातील सर्व भाषा छापणे कसे शक्य आहे? आक्षेपात तथ्य आहे, पण तो निर्णायक नाही. सर्व भाषा कारखान्यात छापण्याची गरजच नाही. औषध कोणाचे, कशासाठी, केव्हा आणि किती, एवढ्या चार गोष्टी स्थानिक भाषेत लिहिलेली चिठ्ठी विक्रेत्याला औषध देताना बाटलीवर चिकटवता येईल. आज अनेक दुकानदार कागदी पुडीवर किंवा पट्टीवर पेनाने खुणा करून देतातच. त्या चांगल्या प्रथेला नियमाचे बळ द्यावे, इतकीच अपेक्षा आहे. लेबलासाठी लागणारा कागद आणि अर्धा मिनिट यांची किंमत रुग्णालयातील एका दिवसाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

बोटांना कळणारी भाषा

आतापर्यंतचा विचार डोळ्यांनी पाहू शकणाऱ्यांपुरता झाला. ज्यांना दिसतच नाही, त्यांच्यासाठी सर्वांत ठळक अक्षरही व्यर्थ आहे. अंध माणसापुढे चार सारख्या बाटल्या ठेवणे म्हणजे त्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहायला लावणे होय. स्वतःचे औषध स्वतः घेता येणे हा आरोग्याचा जितका प्रश्न आहे, तितकाच तो स्वाभिमानाचाही आहे.

युरोपीय संघाने २००४ च्या आपल्या निर्देशान्वये औषधाच्या वेष्टनावर त्याचे नाव ब्रेल लिपीतही उमटवणे आवश्यक केले. आपल्याकडे भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्येच निश्चित झालेली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, अपंगत्व असलेल्यांनाही वापरता येतील अशा सर्वसुलभ रचनेच्या वस्तूंच्या निर्मितीला चालना देण्याचे कर्तव्य शासनावर सोपवले आहे. लिपी आहे, कायदाही आहे. तरी आपल्या दुकानांतील बहुसंख्य खोक्यांवर बोट फिरवले असता ते गुळगुळीतच लागतात. ‘क्यूआर कोड’चा उपयोग आवाजी सुविधा असलेला मोबाइल वापरणाऱ्या अंध व्यक्तींना होऊ शकेल. परंतु तो कोड बाटलीवर नेमका कोठे आहे, हे बोटांना सांगणारी खूणही असावयास हवी.

अंध व्यक्तींनी या अडचणीवर स्वतःच्या बुद्धीने शोधलेले मार्ग मात्र डोळसांनीही शिकावेत असे आहेत. सकाळच्या औषधाच्या बाटलीला एक रबरबँड, दुपारच्या बाटलीला दोन आणि रात्रीच्या बाटलीला तीन, ही त्यांतील सर्वांत सोपी रीत. कोणी टोपणावर खरकागदाचा तुकडा चिकटवतात, कोणी बाटलीच्या गळ्याला गाठ मारलेला दोरा बांधतात, तर कोणी ब्रेलमध्ये नाव उमटवलेली पट्टी लावतात. खूण कोणतीही असली, तरी औषध घरात येताच, देणाऱ्याने नाव मोठ्याने सांगितल्याबरोबर ती करायची, हा त्यांचा दंडक असतो. वीज गेल्यावर किंवा चष्मा सापडत नसताना डोळसांची स्थिती याहून फारशी वेगळी नसते. म्हणून स्पर्शाची खूण ही प्रत्येक घराची गरज आहे.

घराचे कर्तव्य

शासन आणि उद्योग जागे होतील तेव्हा होतील. तोपर्यंत घराला हात जोडून बसता येणार नाही. औषध मूळ बाटलीतून किंवा पट्टीतून दुसरीकडे काढून ठेवू नये, हा पहिला नियम. पट्टी कापून घ्यावी लागलीच, तर नाव आणि तारीख दुकानातच लिहून घ्यावी. प्रत्येक बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून ‘आजोबा – साखर – सकाळी जेवणापूर्वी’ अशा ठळक मराठी अक्षरांत नोंद करावी. डोळ्यांचे थेंब उघडल्याची तारीख त्यावर लिहावी, कारण असे बहुतेक थेंब उघडल्यानंतर महिनाभरानेच टाकून द्यावे लागतात.

घरातील प्रत्येकाच्या औषधांचा डबा निराळा असावा आणि तो निराळ्या जागी असावा. लावायची औषधे व प्यायची औषधे एका फळीवर नसावीत; फिनेल आणि कीटकनाशके तर त्या खोलीतही नसावीत. मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर कोणतेच औषध ठेवू नये आणि मुलाला औषध देताना ‘गोळी म्हणजे चॉकलेट’ असे सांगू नये. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली डबी उपयोगी आहे. मात्र ती घरातील एकाच जबाबदार व्यक्तीने भरावी आणि मूळ पट्ट्या जपून ठेवाव्यात. बंद झालेली औषधे घरात ठेवू नयेत. नवे औषध आणताना दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘‘हे जुन्याच्या ऐवजी आहे, की जुन्याच्या जोडीला?’’

औषध घेताना नाव तीनदा पाहावे : बाटली उचलताना, औषध काढताना आणि बाटली परत ठेवताना. वास किंवा चव घेऊन औषध ओळखण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आणि इतके करूनही चूक झालीच, तर ती लपवू नये. स्वतःच्या मनाने उलटी करवण्याच्या फंदात न पडता १०८ क्रमांकावर मदत मागावी अथवा जवळचे रुग्णालय गाठावे, आणि ती बाटली सोबत न्यावी. घरात रागावण्याची भीती असेल, तर म्हातारी माणसे आणि मुले चूक सांगत नाहीत. आणि न सांगितलेली चूक सांगितलेल्या चुकीपेक्षा अधिक घातक ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ‘अपायाविना औषध’ या ध्येयाने एक जागतिक मोहीम सुरू केली. तिची सिद्धी जशी मोठ्या रुग्णालयांत व्हायची आहे, तशीच ती झिरकपूरच्या सदनिकेतील फळीवर आणि घाटंजीच्या घरातील कोनाड्यातही व्हायची आहे. वृद्धाला, अंधाला किंवा परप्रांतात एकाकी पडलेल्या माणसाला ‘नीट पाहून घ्या’ असा उपदेश करणे सोपे असते. त्याला पाहता येईल, वाचता येईल आणि चाचपून ओळखता येईल अशी बाटली त्याच्या हाती देणे थोडे कष्टाचे आहे. समाजाने हे कष्ट घ्यावेत, कारण औषध शोधणाऱ्याची प्रज्ञा आणि ते लिहून देणाऱ्याचे ज्ञान यांचे सार्थक अखेरीस योग्य बाटली योग्य हाती पडण्यावरच अवलंबून असते.